मेकॉलेने न केलेले भाषण

वसाहतकालीन शिक्षणावरील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक अवतरण हमखास भेटते. मेकॉलेने म्हणे २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत सांगितले, की भारतभर फिरूनही मला एकही भिकारी वा चोर दिसला नाही. हा देश जिंकायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे. खाली तळटीप असते. (तळटीप दिसली की निर्धास्त व्हायचे, ही माझीही जुनी खोड.)

त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला होता आणि १८३५ मध्ये कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा विधी सदस्य होता. तारीख खरी आहे, पण ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची. माणूस खरा, तारीख खरी, विषयही खरा. म्हणून तर बनावट मजकूर पचतो.

‘पण तीन पुस्तकांत आहे’ असे विद्यार्थी सांगतात. तिन्ही पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवले असेल, तर साक्षीदार एकच. मूळ टिपण मात्र शार्प यांनी संपादित केलेल्या, १९२० साली छापलेल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या संग्रहात सबंध मिळते. त्यात भारताची स्तुती औषधालाही नाही. युरोपीय पुस्तकांच्या एका फडताळापुढे मेकॉले इथले सारे वाङ्मय थिटे ठरवतो, आणि आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही हेही त्यातच कबूल करतो. बनावट अवतरणापेक्षा हे कितीतरी बोचरे आहे, आणि अवतरणावर भागवणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

मग हे टिपण विश्वसनीय आहे का? राज्यकर्त्यांच्या मनात काय होते, या प्रश्नासाठी उत्तम. संस्कृत वाङ्मयाच्या योग्यतेसाठी निरुपयोगी.

गावोगावच्या शाळांविषयी विचारायचे असेल, तर विल्यम ॲडमचे बंगाल-बिहारवरील तीन अहवाल उघडावे लागतील. तिथेही जपून. १८३५ चा पहिला अहवाल आधीच्या उपलब्ध कागदांवरून रचलेला आहे. बहुचर्चित एक लाख शाळांचा अंदाज त्यातलाच. १८३८ च्या तिसऱ्या अहवालामागे निवडक जिल्ह्यांतील प्रत्यक्ष पाहणी आहे. लेखक एकच, पण दोन्ही आकड्यांना सारखे वजन देता येत नाही. तळटीपेत नुसते ‘ॲडम अहवाल’ लिहिणाऱ्याला मी म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो: कितवा?