'मुक्त झालेली' जमीन : नदी-अंधत्वाच्या एका हिशेबाचे परीक्षण

पश्चिम आफ्रिकेतील नदी-अंधत्व-नियंत्रणाच्या कार्यक्रमाचा लाभ-व्यय-हिशेब एह्युंग किम व ब्रूस बेंटन यांनी १९९५ साली जागतिक बँकेच्या एका प्रबंधिकेत मांडला. अर्थशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु आकडे ज्या शब्दांच्या आधारे उभे राहतात, ते शब्द तपासण्याचा अधिकार भाषाभ्यासकास आहे, असे मानून हे विवेचन केले आहे.

हा रोग वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीच्या दंशाने पसरतो. शरीरात वाढलेल्या कृमीची सूक्ष्म पिले त्वचेत व डोळ्यांत शिरतात आणि कालांतराने दृष्टी जाते. १९७४ पासून नद्यांवर हेलिकॉप्टरमधून माशीच्या अळ्या मारणारे औषध टाकण्यात आले. प्रौढ कृमी दहा-पंधरा वर्षे जगत असल्याने हे काम तितकाच काळ अखंड चालविणे प्राप्त होते. सात देशांत आरंभलेला हा कार्यक्रम पुढे अकरा देशांत विस्तारला व २००२ साली समाप्त झाला.

या गुंतवणुकीवर दरसाल सुमारे २० टक्के परतावा मिळतो, हा प्रबंधिकेचा निष्कर्ष. त्याची फोड मात्र विचारात घेण्याजोगी आहे. अंधत्व टळल्याने वाचलेल्या श्रमाचा वाटा सुमारे चतुर्थांश; उरलेला सारा नदीकाठच्या जमिनीचा. डोळ्यांसाठी काढलेली मोहीम खतावणीत मुख्यत्वे जमिनीची मोहीम ठरते! हे दोन लाभ लेखकांनी वेगळे दाखविले, म्हणूनच हे आपणांस कळते. तो प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. वॉशिंग्टन येथे बँकेच्या मुख्यालयात काठी धरून अंध माणसास नेणाऱ्या मुलाचा पुतळा आहे. त्या मुलाचे बुडालेले दिवस यांपैकी कोणत्या रकान्यात घालावयाचे?

सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन 'मुक्त झाली', असे या कार्यक्रमाविषयी वारंवार लिहिले जाते. या शब्दप्रयोगाची रचना पाहावी. जमीन कशापासून मुक्त झाली हे त्यातून कळते. कोणासाठी झाली हे कळत नाही. शिवाय ती आधी कोणाचीच नव्हती, असाही ध्वनी त्यातून निघतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. जॉन हंटर यांनी १९६६ साली उत्तर घानातील नांगोडी येथील अभ्यासात असे अनुमान मांडले की, वस्ती नदीकडे सरकते, रोगाने मागे हटते व पुन्हा पुढे येते. असे असेल, तर सोडलेले शेत हे बेवारस शेत नव्हे. अप्पर व्होल्टाच्या (आजच्या बुर्किना फासोच्या) सरकारने नदीखोऱ्यांत वसाहती वसविण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. डेला मॅकमिलन यांनी या वसाहतींचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यावरून नवागत व मूळचे रहिवासी यांच्यातील जमिनीच्या हक्कांचा प्रश्न माशी गेल्याने सुटत नाही, हे स्पष्ट होते. विहिरी, रस्ते, तंटे यांवाचून जमिनीतून पीक निघत नाही, आणि त्यांचा खर्च माशी मारणाऱ्यांच्या खर्चात धरलेला नसतो. परताव्याचे श्रेय मात्र एकट्या फवारणीस दिले जाते.

'मोफत' या शब्दाचेही तेच. मर्क कंपनीने १९८७ साली आयव्हरमेक्टिन विनामूल्य देण्याचे जाहीर केले. हे औषध पिलांना मारते, प्रौढ कृमीस नव्हे. म्हणून ते वर्षानुवर्षे द्यावे लागते. १९९५ नंतरच्या आफ्रिकी कार्यक्रमात हे वाटपाचे काम गावांनीच निवडलेल्या स्वयंसेवकांनी केले. त्यांचे पेरणीच्या दिवसांतील श्रम 'मोफत' धरले की दरडोई खर्च साहजिकच अत्यल्प दिसतो. आणि ज्या अर्थशास्त्राने टळलेल्या अंधत्वाचे श्रमदिवस मोजले, तेच येथे श्रमदिवस मोजावयाचे विसरते.