रामघाटावरचा अनुपस्थित माणूस : काशीतील मराठी समाज आणि मुख्य धारेतील चित्रपट

पंचगंगा घाटाकडून मणिकर्णिकेकडे नावेने येताना उजव्या हाताला जे घाट लागतात, त्यांची नावे लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहेत. ग्वाल्हेर घाट, जटार घाट, रामघाट आणि थोडे पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील मराठी सत्तेच्या आणि धनाच्या खुणा या पट्ट्यात दगडावर दगड चढवून ठेवलेल्या आहेत. रामघाटावर वेदाध्ययनाची परंपरा चालविणारे सांगवेद विद्यालय आहे. तेथून ब्रह्माघाट-दुर्गाघाटापर्यंतच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बनारसी बोली बोलत आली आहेत. काशीकरांनी यांना ‘दक्षिणी’ म्हटले, महाराष्ट्राने ‘काशीकर’ म्हटले. दोन्ही ठिकाणी हा माणूस थोडासा बाहेरचाच राहिला.

भारतीय चित्रपटाने ज्या स्थळांवर सर्वाधिक कॅमेरा रोखला, त्यांत बनारसच्या पायऱ्यांचा क्रम बराच वरचा लागेल. परंतु त्या पायऱ्यांवर वावरणारा मराठी माणूस पडद्यावर दिसत नाही. या अनुपस्थितीचे कारण काशीतील मराठी समाजाच्या अल्पसंख्येत शोधणे सोपे आहे; मात्र ते पुरेसे नाही. अल्पसंख्य समाज पडद्यावर येतातच. प्रश्न असा, की कोणत्या साच्यातून येतात, आणि ज्याच्यासाठी साचाच उपलब्ध नाही, त्याचे काय होते?

हा प्रश्न हिंदी चित्रपटापुरता नाही. आशियाई नटांना पाश्चात्त्य मुख्य धारेत मिळालेल्या स्थानाची चर्चा याच बिंदूभोवती फिरत आलेली आहे. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चिनी शेतकरी कुटुंबावरील चित्रपटात नायिकेची भूमिका लुईज रायनर या युरोपीय नटीने केली आणि तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. चिनी वंशाची अमेरिकन नटी ॲना मे वाँग हिला ती भूमिका मिळू शकली नाही. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ‘नाइन अवर्स टू रामा’ (१९६३) या चित्रपटाचे आहे. स्टॅन्ली वोल्पर्ट यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका जर्मन नट हॉर्स्ट बुखहोल्झ याने केली, तर गांधीजींच्या भूमिकेत जे. एस. कश्यप हे भारतीय गृहस्थ होते. म्हणजे ज्या पात्राचे मन उलगडून दाखवायचे, त्याला युरोपीय चेहरा. आणि ज्याची केवळ वंदनीय उपस्थिती हवी, त्याला भारतीय चेहरा! पात्रयोजनेतील ही विभागणी बरेच काही सांगून जाते. त्यानंतर एकोणीस वर्षांनी आलेल्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात केंद्रस्थान बेन किंग्जली यांच्याकडे गेले. त्यांचे वडील गुजराती वंशाचे होते, हे खरे. पण नटाची घडण पूर्णतः इंग्रजी रंगभूमीची होती. गोपाळ कृष्ण गोखले मात्र डॉ. श्रीराम लागू यांनी साकारले आणि कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी यांनी. मराठी नटीने गुजराती कस्तुरबा करावी यावर कोणी आक्षेप घेतला नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते. जन्म आणि भूमिका यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा आग्रह धरला तर अभिनयकलेलाच रजा द्यावी लागेल. तेव्हा प्रतिनिधित्वाची कसोटी नटाच्या जन्मदाखल्यावर लावण्यात अर्थ नाही. ती पटकथेवर लावावी लागते.

हिंदी चित्रपटाला मराठी नटांनी काय दिले, याची यादी येथे करण्याचे प्रयोजन नाही. ती सर्वपरिचित आहे. मात्र त्या योगदानाच्या अटी तपासण्याजोग्या आहेत. दुर्गा खोटे ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मध्ये जोधाबाई होतात. ललिता पवार ‘अनाडी’ (१९५९) मध्ये मिसेस डीसा होतात. रीमा लागू ‘मैंने प्यार किया’ (१९८९) पासून उत्तर भारतीय श्रीमंत घराची आई होतात. मराठीपण दाराबाहेर ठेवले, की आतली सगळी दालने खुली होतात. उलट, पात्र मराठी असेल तेव्हा ते बहुधा हवालदार, मोलकरीण किंवा चाळीतला शेजारी असते, नाहीतर एकदम तलवार उपसलेला इतिहासपुरुष. यातील विसंगतीचा कळस म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. मराठी चित्रपटात जो नट त्या काळी नायक म्हणून चित्रपटगृहे भरवीत होता, तो ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये घरगडी झाला, आणि त्या घरगड्याचे नावही लल्लूप्रसाद. चाकराची जागा मराठी नटाला मिळाली, पण चाकर मराठीही नव्हता. उत्तर प्रदेशीय आणि मराठी या दोन्ही माणसांचा एकाच भूमिकेत अधिक्षेप करण्याचे हे कौशल्य असामान्यच म्हणायचे.

‘अर्धसत्य’ (१९८३) याच्या नेमके दुसऱ्या टोकाला उभा आहे. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद आणि गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन. फौजदार अनंत वेलणकर ओम पुरी या पंजाबी नटाने केला, हवालदार बापाच्या भूमिकेत अमरीश पुरी होते, आणि सदाशिव अमरापूरकर या नगरच्या नटाच्या वाट्याला रामा शेट्टी आला. जन्माच्या हिशेबाने सगळे उलटेसुलटे. तरीही वेलणकरच्या मराठीपणाविषयी प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही. कारण ते नथीत किंवा ‘अरे देवा’च्या हेलात ठेवलेले नाही. बापाच्या हातचा मार, खात्यातली उतरंड, आईविषयीची न बोलता साठलेली शरम यांत ते मुरलेले आहे. पटकथाकाराला ते घर ठाऊक होते. पुढे ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मध्ये गौरी शिंदे यांनी श्रीदेवीच्या शशी गोडबोलेला असेच एक ओळखीचे घर दिले. शिवकाशीजवळ जन्मलेल्या नटीने पुण्याची गृहिणी उभी केली, आणि ती पटली.

या दोन्ही उदाहरणांत मराठी घर आहे ते मुंबई-पुण्याचे. महाराष्ट्राबाहेर चार-पाच शतके नांदलेला मराठी समाज हा हिंदी पटकथाकाराच्या नकाशावरच नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, तंजावर यांची हीच कथा आहे; काशीच्या बाबतीत ती अधिक बोचते, कारण काशी पडद्यावर सतत आहे.

वास्तविक काशीला प्रथम पडद्यावर आणले ते मराठी माणसांनीच. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाची कथा उत्तरार्धात काशीतच घडते. राजा स्वतःला विकतो तो या नगरीत, आणि डोंबाच्या चाकरीत स्मशान राखतो तेही येथेच. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. दादरमध्ये उभारलेल्या त्या काशीत उत्तर भारतीय माणूस नव्हता, आणि त्याची कोणाला गरजही भासली नाही. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी तीच कथा मराठीत आणि हिंदीत सांगितली. मराठी चेहऱ्यांनी खोटी काशी वसविली. पुढे खरी काशी पडद्यावर आली, तेव्हा तीत मराठी चेहरा उरला नव्हता.

खरी काशी पडद्यावर आणण्याचे मोठे श्रेय सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला (१९५६) द्यावे लागते. त्यातील हरिहर हा घाटावर पोथी वाचून पोट भरणारा बंगाली ब्राह्मण आहे. त्याची अंधारी खोली, जिन्यातले शेजारी, पत्नीची धास्ती हे सगळे काशीतील परप्रांतीय कुटुंबाचे चित्र आहे, आणि ते बंगाली भाषेत, बंगाली समाजाने स्वतःसाठी काढलेले आहे. रामघाटच्या गल्लीतील एखाद्या भिक्षुकाच्या घरात हा हरिहर जरा वेगळ्या पागोट्याने सहज शोभला असता. तमिळ समाजाची गोष्ट निराळी आहे. आनंद एल. राय यांच्या ‘रांझणा’ (२०१३) मध्ये नायक कुंदन हा काशीत स्थायिक झालेल्या तमिळ ब्राह्मण कुटुंबातील मुलगा आहे आणि तो धनुष या तमिळ नटाने केला आहे. नटाच्या उच्चारांना सबब हवी म्हणून पात्र तमिळ केले, असे मानण्यास जागा आहे. घरातले तमिळपण चित्रपटात जेमतेम आहे; कुंदनचे सारे जगणे गल्लीतल्या हिंदीत चालते. परंतु या सबबीतूनच एक महत्त्वाची गोष्ट साधली. काशीत वाढलेला दाक्षिणात्य मुलगा हा कुतूहलाचा विषय नसून प्रेमात पडणारा, मार खाणारा, मूर्खपणा करणारा सामान्य नायक असू शकतो, हे लक्षावधी प्रेक्षकांनी विनातक्रार स्वीकारले. जे कुंदनला साधले ते रामघाटच्या एखाद्या पाध्ये-दीक्षितांच्या मुलाला अशक्य नव्हते.

मराठी काशीकरांपैकी मुख्य धारेच्या पडद्यावर ठळकपणे पोहोचली ती एकच व्यक्ती, मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका, म्हणजेच झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिचा जन्म काशीतला. पेशवाई बुडाल्यानंतर काशीत येऊन राहिलेल्या चिमाजीअप्पांच्या आश्रितांपैकी मोरोपंत एक होते. राज्य गेले, मालक परागंदा, आणि परक्या नगरीत पेन्शनीवर तगलेला मराठी गोतावळा. केवढे नाट्य या परिस्थितीत आहे! सोहराब मोदी यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९५३) या टेक्निकलर चित्रपटात राणीची भूमिका मेहताब यांनी केली. २०१९च्या ‘मणिकर्णिका’त कंगना राणावत यांनी. गंगाधरराव जीशू सेनगुप्ता या बंगाली नटाकडे गेले, तात्या टोपे अतुल कुलकर्णी यांच्याकडे. या वाटपावर रुसण्याचे कारण नाही. खटकते ते वेगळेच. चित्रपटाचे शीर्षक काशीच्या घाटाचे नाव घेऊन मिरवते आणि त्या घाटामागची मराठी वस्ती मात्र कथेत कुठेच वसत नाही. नऊवारी, नथ, भगवा ध्वज ही सामग्री भरपूर. पण ती सामग्री ‘मराठा’ या सर्वपरिचित साच्याची आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष राहून लिहिलेला आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ ज्याने वाचला आहे, त्याला हा फरक लगेच जाणवतो. विष्णुभटांची राणी व्यायाम करते, पूजाअर्चा करते, कधी पुरुषवेषात तर कधी स्त्रीवेषात दरबारी बसते, दानधर्माचा हिशेब ठेवते. ती राणी आहे आणि एक मराठी घरधनीणही आहे. पडद्यावर घरधनीण वगळली जाते आणि पुतळा शिल्लक राहतो. पुतळ्याला प्रांत असतो, पण घर नसते.

आता दोष केवळ मुंबईच्या हिंदी पटकथाकाराला देऊन सुटका होणार नाही. बंगाली समाजाने आपली काशी स्वतः चित्रित केली. मराठी चित्रपटाने कोणाची वाट पाहिली? याचे उत्तर भाषेतही सापडते. मराठीत काशी ही जाण्याची जागा आहे, राहण्याची नव्हे. म्हातारपणी काशीस जायचे, कावड आणायची, अस्थी न्यायच्या. आणि एखाद्या कामाचा विचका झाला, की त्याची ‘काशी झाली’ म्हणायचे. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने काशीत पिढ्यान्‌पिढ्या धर्मशास्त्राची सत्ता गाजविली, हे महाराष्ट्राला आठवते ते १६७४ साली गागाभट्ट रायगडावर आले तेवढ्या प्रसंगापुरते. एकनाथांनी भागवत पुरे केले ते १५७३ साली काशीतच. पण नाथांचे चरित्र म्हटले की मराठी मनाला पैठणचे वाळवंट दिसते, गंगेचा काठ दिसत नाही. जो महाराष्ट्रातून निघून गेला आणि परतला नाही, त्याची गोष्ट मराठीने आपली मानलेली नाही.

तशा गोष्टीला विषयाचा तोटा नाही. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतील मराठी घरातला. घरची भाषा मराठी, आणि हयात गेली ती ‘आज’ या काशीच्या दैनिकातून हिंदी पत्रकारितेचे गद्य घडविण्यात. आजच्या हिंदी वर्तमानपत्राच्या भाषेत या ‘दक्षिणी’ माणसाचा वाटा हिंदीचे अभ्यासक मुक्तपणे मान्य करतात. मराठी वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत तो येत नाही, कारण त्याने मराठीत लिहिले नाही. आणि हिंदी चित्रपटाच्या कक्षेत येत नाही, कारण तो ना हवालदार, ना सेनापती. दोन भाषांच्या मधल्या भिंतीत हा माणूस चिणला गेला आहे. ओम पुरी जर वेलणकर होऊ शकतात, तर पराडकरांसाठी नट मिळणे अवघड नव्हते. लिहिणारा मिळाला नाही.

फाळके स्वतः हिंदुस्थान सिनेमा कंपनीतून बाहेर पडल्यावर काही काळ काशीला जाऊन राहिले होते. तेथे ते गप्प बसले नाहीत, लिहिते राहिले. पण काशीत बसून भारतीय चित्रपटाच्या या जनकाने जे लिहिले ते ‘रंगभूमी’ हे मराठी नाटक होते. त्याचा रोख होता तो मराठी रंगभूमीवर.