‘स्वयंशिक्षित’ या विशेषणाविषयी : जनगढ सिंह श्याम यांची प्राणिचित्रे

मागील सत्रात गारखेड्यातील एका घरगुती बैठकीत काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत जनगढ सिंह श्याम यांच्या शाईचित्रांच्या छापील प्रतिकृती पाहण्याचा योग आला. एकाने त्यांचे वर्णन ‘स्वयंशिक्षित वन्यजीव-चित्रकार’ असे केले. हे विशेषण गौरवार्थी खरे. परंतु ते कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

जनगढ हे मध्यप्रदेशातील पाटणगढचे, परधान समाजातील. भोपाळच्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी पाठविलेल्या शोधपथकास १९८१ च्या सुमारास त्यांची भित्तिचित्रे आढळली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश होता. ३ जुलै २००१ रोजी, जपानमधील मिथिला संग्रहालयात काम करीत असता, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी जीवनाचा अंत करून घेतला.

त्यांच्या हरिणाची बाह्यरेषा अगदी साधी असते; अंग मात्र बारीक समांतर रेघा व ठिपके यांनी भरलेले. छायाप्रकाशाने गोलाई आणण्याचा प्रयत्न नाही. रंगीत शाई असली तरी रंगात रंग मिसळत नाही; रेघेशेजारी रेघ उभी राहते. मर्ढेकरांची परिभाषा वापरावयाची तर रेघांच्या आवर्तनात संवाद आहे, कोऱ्या कागदाच्या सान्निध्यात विरोध आहे, आणि दोहोंचा समतोलही आहे. परंतु शिंगांना फांद्या का फुटतात, हे केवळ लयतत्त्वाने उलगडत नाही.

जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. मन्सूरचा पक्षी हा समोर पाहिलेला एक विशिष्ट पक्षी असतो. जनगढांचा प्राणी पाहिलेला तर आहेच, पण तो गाण्यात ऐकलेलाही आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ‘बाना’ हे तंतुवाद्य वाजवून ते बडादेवाला आवाहन करतात, आणि त्या देवाचा वास साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, वृक्षात मानला जातो. अशा कथनात वाढलेल्या चित्रकारास प्राणी आणि वृक्ष यांमधील सीमा ओलांडण्यास कल्पनेची ओढाताण करावी लागत नाही.

त्यांच्यामागून आलेल्या चित्रकारांच्या शैलीस ‘जनगढ कलम’ म्हणतात. मराठीत ‘कलम’ म्हणजे लेखणी, चित्रशैली आणि झाडावर बांधलेले कलमही. तिसरा अर्थ येथे विशेष उपयोगी आहे. ‘स्वयंशिक्षित’ म्हणताना आपण जनगढांना आपोआप उगवलेला रायवळ आंबा ठरवितो. वस्तुतः गाण्याच्या जुन्या खोडावर कागद आणि शाई यांचे कलम त्यांनी बांधले. कलाशाळेचे शिक्षण नव्हते, एवढेच सत्य. शिक्षणच नव्हते, हे असत्य.

मात्र खोडाचे पोषण तुटले की कलमही वाळते. या शैलीतील पुष्कळशा बाजारी चित्रांत रेघांची भरण केवळ नक्षी होऊन उरते, ती याच कारणाने. त्याचा दोष चित्रकारांपेक्षा, चित्र विकत घेऊन गाणे विसरणाऱ्या आपल्यासारख्या रसिकांकडे अधिक जातो.

परधान समाज आपल्या यवतमाळ-चंद्रपूर भागातही आहे. तेथील गायकांची गाणी ऐकून, अर्थासह लिहून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. ते होईपर्यंत या चित्रांवरील आपली समीक्षा अर्धवटच राहील, प्रस्तुत टिपणही त्यास अपवाद नाही.