कातागेला नावाचं गाव

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर गेला नावाचं एक जुनं ग्रीक शहर आहे. नाव कानावर पडताच मराठी माणूस विचारणारच, कोण गेला, कुठे गेला? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. इ.स.पू. 425 च्या हिवाळ्यात, अथेन्सच्या लेनाया उत्सवात एक पात्र भर रंगभूमीवर हेच विचारत होतं: कोण कुठे गेला आणि रोजचा किती भत्ता घेऊन गेला? नाटक होतं अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'अखार्नियन्स'. नाटककार विशीच्या आसपासचा. त्या वर्षी पहिलं बक्षीस याच नाटकाने नेलं. त्यातल्या एका ओळीच्या शेवटी एक शब्द येतो, 'कातागेला'. अभ्यासक त्यावर सहसा दोन ओळींची टीप देऊन पुढे जातात. मला तो शब्द नाटकातल्या कितीतरी मोठ्या विनोदांपेक्षा सरस वाटतो, आणि तो का, हेच इथे सांगायचं आहे.

आधी प्रसंग. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन सहावं वर्ष चालू आहे. डिकाइओपोलिस नावाचा शेतकरी शहरात कोंडून घ्यावं लागल्याने वैतागला आहे. सभेत शांततेचं नाव कोणी काढत नाही, म्हणून हा पठ्ठ्या स्पार्टाशी स्वतःपुरता खासगी तह करून मोकळा होतो. अखार्ना गावचे म्हातारे कोळसेवाले त्याच्यावर धावून येतात, कारण त्यांची शेतं शत्रूने जाळलेली. मग मदतीला येतो सेनापती लामाखस. डोक्यावर तुरे, ढालीवर राक्षसीचा चेहरा, आव असा की आता युद्ध इथेच जिंकणार. डिकाइओपोलिस त्याच्या शिरस्त्राणातलं एक पीस मागून घेतो. कशाला? तर घशात घालून ओकायला. लामाखसची अर्धी हवा तिथेच जाते.

उरलेली अर्धी काढायला येते ती यादी. पांढऱ्या केसांची माणसं रांगेत उभी राहून लढतात आणि तुझ्यासारखे तरणे शिष्टमंडळांवर जाऊन पगार खातात, असं डिकाइओपोलिस सुनावतो. कोणी थ्रेसला, दिवसाला तीन द्राख्मा घेऊन. साध्या वल्हेकऱ्याची रोजची कमाई तेव्हा एका द्राख्माच्या आसपास. कोणी खाओनियाला. कोणी कामारीनाला, कोणी गेलाला, आणि कोणी... कातागेलाला.

असलं काही गाव नाही. ग्रीकमध्ये 'गेलान' म्हणजे हसणं, 'कातागेलान' म्हणजे एखाद्याला हसणं, त्याची टर उडवणं. आपल्याकडे 'हास'ला 'उप' जोडला की 'उपहास' होतो. व्याकरणाची करामत तंतोतंत तीच. एक उपसर्ग चिकटवला आणि नकाशावर एक शहर वाढलं.

हे समजावून सांगितलं की विनोद मरतो, याची मला कल्पना आहे. म्हणून अर्थ बाजूला ठेवून आधी कान लावू. त्या यादीत अ‍ॅरिस्टोफेनिस गावांच्या आधी माणसांची वाट लावतो. दोन-दोन खानदानी नावं एकमेकांना चिकटवून तो अनेकवचनी जोडनावं घडवतो, त्यात कुठे लबाड, कुठे बढाईखोर असा शब्द मुरवतो. 'पानुर्गिप्पार्खिदाई' हे त्यातलं एक. सुरुवातीचा 'पानुर्गोस' म्हणजे बेरकी, शेपटीला घोडदळी घराण्याचा रुबाब. म्हणजे प्रेक्षकाची जीभ आणि कान, दोन्ही आधीच अडखळलेले आहेत. अशा वेळी साधी, खरी, भूगोलातली नावं आली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. कामारीना खरी. गेला खरी, दोन्ही शेजारची शहरं, एकाच किनाऱ्यावरची. प्रेक्षक सैलावला. आता तिसरं नाव 'काता...' असं सुरू होतं. सिसिलीत 'काता'ने सुरू होणारं खरंखुरं शहर आहेच, कातानी, आजचं कातानिया. दोन अक्षरांपर्यंत प्रेक्षक मनातल्या मनात ते नाव पूर्ण करून टाकतो. आणि तिथेच पाय घसरतो. 'नी'च्या जागी पुन्हा 'गेला' येतं, आणि नुकतंच गेलेलं शहर मागून येऊन टपली मारतं.

सगळी मजा क्रमात आहे. 'गेला' आधी सरळ अर्थाने येऊन गेली नसती, तर 'कातागेला' ही नुसती शाब्दिक कसरत झाली असती. नाव एकदा निरागसपणे उच्चारायचं आणि लगेच त्याचाच मुखवटा काढायचा, म्हणजे प्रेक्षकाला उशिरा कळतं की पहिली 'गेला'सुद्धा निरागस नव्हती. ग्रीकमध्ये 'गेला' हा 'हस!' असा आज्ञार्थही आहे. दूत गेले ते 'हस' नावाच्या गावी, आणि पुढच्या मुक्कामी त्यांचंच हसं झालं. संस्कृत साहित्यशास्त्राच्या सवयीने कोणी याला सभंग श्लेष म्हणेल. पण आपल्या पंडित कवींच्या श्लेषात दोन अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. इथे दुसरा अर्थ पहिल्याच्या पाठीत लाथ घालतो.

मराठी भाषांतरकाराचं इथे नशीब उघडलेलं आहे. 'कोणी गेलाला, कोणी वायागेलाला' असं त्याने लिहिलं की मराठी प्रेक्षागृह हशाने दणाणेल. जोड तशीच पुढे लागते, ताल टिकतो, शिवाय भत्ता वाया गेला हा हिशेबही पदरात पडतो. तरी मी ते लिहू नये असंच म्हणेन. वाया जाण्यात हळहळ आहे. 'कातागेला'त बोट रोखलेलं आहे. कोणीतरी कोणालातरी हसतंय, आणि कोण कोणाला, हे अ‍ॅरिस्टोफेनिस मुद्दाम मोघम ठेवतो. गेलाचे लोक अथेन्सच्या दूतांना हसतात? दूत घरच्या करदात्यांना हसतात? की ही प्रेक्षकांनाच आज्ञा आहे, हसा या लेकांना? लेनाया हिवाळ्यातला उत्सव, परगावचे पाहुणे आलेले नसतात. आपण घरचेच आहोत, असं हेच पात्र आधी बोलून घेतं. त्यामुळे तिसरा अर्थ मला सगळ्यांत जवळचा वाटतो. यावर लामाखसचं उत्तर एवढंच, की ती माणसं हात वर करून रीतसर निवडलेली आहेत. इतकं खरं आणि इतकं केविलवाणं उत्तर कुठल्याही लोकशाहीत ऐकू येतं. मग डिकाइओपोलिस कोळसेवाल्यांकडे वळून नावं घेऊन विचारतो, तुमच्यापैकी कोणी कधी असा दौरा केलाय का? त्यांतल्या मारिलादीसच्या नावात कोळशाची भुकटी आहे, प्रिनिदीसच्या नावात ओकचं झाड. खानदानी जोडनावांच्या समोर ही काळवंडलेली नावं. कोणीही कुठे गेलेलं नाही.

गंमत अशी की गेला शहराला आपल्या नावावरची ही कोटी नवीन नव्हती. शहर वसवलं र्‍होड्स आणि क्रीट इथल्या लोकांनी, इ.स.पू. 688 च्या सुमारास; इतिहासकार थुसिडिडीज सांगतो की नाव तिथल्या गेलास नदीवरून पडलं. नदीचं नाव कशावरून? इसवी सनाच्या सहाव्या शतकातला कोशकार स्टेफानस दोन-तीन उत्तरं देतो. एक असं, की त्या नदीवर दव गोठतं आणि सिसिलीच्या मूळच्या सिकेल लोकांच्या भाषेत हिमकणांना 'गेला' म्हणतात. लॅटिन 'गेलू' म्हणजे थंडी. आजची जेली आणि इटालियन जिलातो त्याच घराण्यातली. दुसरं उत्तर गोष्टीचं आहे. अँटिफेमोस आणि लाकिओस हे भाऊ डेल्फीला कौल मागायला गेले. तिथल्या पुजारिणीने लाकिओसला पूर्वेकडे जायला सांगितलं. ते ऐकून अँटिफेमोस हसला. तशी ती म्हणाली, तू पश्चिमेला जा, आणि शहराचं नाव ठेव गेला. भाषाशास्त्राचा कल थंडीकडेच जाणार, हे उघड आहे. पण ग्रीक माणसाच्या कानाला नदीचं नाव पुरेना, त्याला हसू हवं होतं. या शहराचा सगळ्यांत नामांकित सत्ताधीश गेलोन. त्याच्या नावातही ग्रीक कानाला 'हसणारा' ऐकू येतो. इ.स.पू. 485 मध्ये सिराक्यूज शहर हाती येताच त्याने गेलाची अर्ध्याहून जास्त वस्ती उचलून तिकडे नेली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि शोकनाट्याचा बाप, एस्किलस, मेला तो याच हसऱ्या नावाच्या गावी, इ.स.पू. 456 च्या सुमारास. गरुडाने कासव टाकलं आणि ते त्याच्या टकलावर पडलं, ही दंतकथा सगळ्यांना पाठ असते. मला त्याच्या नावावर चालत आलेला समाधिलेख जास्त आवडतो: त्यात गेलाचा गहू आहे, मॅरेथॉनची लढाई आहे, नाटकांचा उल्लेखच नाही.

आता त्या ओळीचं पुढे काय झालं ते पाहा. नाटकाच्या आधी, 427 मध्ये अथेन्सने सिसिलीला जहाजं पाठवली होती. दूतांच्या फेऱ्या त्याच राजकारणातल्या. नाटकाच्या पुढच्या वर्षी सिसिलीच्या शहरांनी परिषद भरवली आणि आपसात तह केला. बाहेरच्यांना आमच्या भांडणात जागा नको, असं सिराक्यूजच्या हर्मोक्रातिसने सांगितलं आणि ते सर्वांना पटलं. परिषद भरली कुठे? गेलामध्ये. अथेन्सचे सेनापती हात हलवत परतले. लोकसभेने दोघांना हद्दपार केलं आणि तिसऱ्याला दंड ठोठावला. कोटी करताना अ‍ॅरिस्टोफेनिसला यातलं काही माहीत असणं शक्य नाही. पण चांगल्या कोटीत शब्द इतके घट्ट बसलेले असतात की इतिहासाला तिथे आणखी एक अर्थ ठेवायला सोयीचं जातं.

तेवढ्यावर भागलं नाही. 415 मध्ये अथेन्सने सिसिलीवर प्रचंड आरमार धाडलं. तीन सेनापतींतला एक लामाखस, तोच तुरेवाला. नाटकाच्या शेवटी तो खंदकावरून उडी मारताना द्राक्षवेलीच्या खुंटावर पडून जखमी होतो आणि कण्हत कण्हत परत येतो. प्रत्यक्षात 414 मध्ये सिराक्यूजसमोर तो एक खंदक ओलांडून पलीकडे गेला, पाच-सहा साथीदारांसह एकटा पडला आणि मारला गेला. खंदक तोच, हे वाचताना अंगावर काटा येतो. पुढच्या वर्षी सिराक्यूजच्या मदतीला गेलाने पाच जहाजं, 400 भालाफेके आणि 200 घोडेस्वार पाठवले. कामारीनानेही फौज दिली. त्या ओळीतली दोन्ही खरी गावं शत्रूच्या बाजूला गेली. अथेन्सचा तळ होता कातानीला, म्हणजे ज्या नावाची प्रेक्षकांनी अर्ध्यावर वाट पाहिली होती, त्या गावी.

अ‍ॅरिस्टोफेनिसच्या मनात हे राहिलं असावं असं मला वाटतं. 405 च्या 'बेडूक' नाटकात पाताळातला एस्किलस जुन्या वीरांची आठवण काढतो, आणि लामाखसला वीर म्हणतो. बोलणारा एस्किलस, म्हणजे गेलाच्या मातीत पुरलेला. नाटककाराने हा धागा मुद्दाम ओवला असेल असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या टोपीतलं पीस काढून घेतलं त्याला वीस वर्षांनी मान परत करायचा, तोही एस्किलसच्या तोंडून, हे मोठ्या मनाचं काम आहे. त्याच वर्षी कार्थेजच्या फौजांनी गेला लुटली.

शहराच्या नावाची कथा मात्र इथून पुढे जास्त वळणं घेते. इ.स.पू. 282 च्या सुमारास आक्रागासचा सत्ताधीश फिंटियास याने गेला पाडली आणि लोकांना दुसरीकडे वसवून त्या नव्या शहराला स्वतःचं नाव दिलं. ते आजचं लिकाता. फिंटियासचं नाव काही टिकलं नाही. उलट तिथे हलवलेले लोक शिलालेखांत स्वतःला गेलाचेच म्हणवत राहिले, त्यामुळे पुढे जुनी गेला नेमकी कुठली, लिकाता की तेरानोवा, यावर विद्वानांचा वाद बराच काळ रंगला. तेरानोवा म्हणजे नवी भूमी. जुन्या जागी सम्राट फ्रेडरिक दुसरा याने 1233 मध्ये वसवलेल्या गावाला हे नाव पडलं आणि 1927 पर्यंत तेच चाललं. त्या वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने सरकारी हुकमाने त्याचं पुन्हा 'गेला' केलं. त्याच लाटेत जिर्जेंती हे आग्रिजेंतो झालं. प्राचीन वैभवाची टोपी घालायची हौस होती ती. विनोदाचं वावडं असलेल्या राजवटीने एका गावाचं नाव गंभीरपणे 'हस' ठेवावं, यावर अ‍ॅरिस्टोफेनिसने एक अख्खं नाटक काढलं असतं.

1943 च्या 10 जुलैला अमेरिकन सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. पाच वर्षांनी, 1948 पासून, कापो सोप्रानोच्या वाळूच्या टेकड्यांखालून ग्रीक तटबंदी निघू लागली. वरचा भाग कच्च्या विटांचा, तरी वाळूने शतकानुशतकं जपलेला. मग तेल सापडलं आणि रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला. आज इटलीत गेला म्हटलं की बऱ्याच जणांना कारखाना आठवतो, एस्किलस नाही.

आणि म्हणतात ते 'गेला' असं नाहीच. इटालियन उच्चाराच्या नियमाने त्या नावाचा उच्चार 'जेला' होतो, आणि इटालियनमध्ये 'जेला' म्हणजे 'गोठतंय'. मुसोलिनीने ग्रीकांचं नाव परत आणायला हुकूम काढला आणि परत आलं ते सिकेल लोकांचं, नदीवरच्या हिमकणांचं. अ‍ॅरिस्टोफेनिसची कोटी तिथल्या बाजारात आज कोणाला ऐकवली तर ती 'काताजेला' होईल. दुकानदार थंडीबद्दल काहीतरी बोलतोय असं समजून मान डोलावेल आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळेल.