व्हिएटनाम युद्धावरील अनुबोधपट
व्हिएटनाम युद्धात (१९५५–७५) अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मृत्यू पावले; व्हिएटनामी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पट होती. अनुबोधपटांत मात्र हे प्रमाण उलटे दिसते. प्येर शंदर्फेर या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘द अँडरसन प्लटून’ (१९६७) या अनुबोधपटात अमेरिकन तुकडीसमवेत सहा आठवडे राहून तिचे श्रांत, भयग्रस्त जीवन संयमाने टिपले. तथापि गावकरी त्यात पार्श्वभूमीपुरतेच उरतात. पीटर डेव्हिसच्या ‘हार्ट्‌स अँड माइंड्‌स’मध्ये (१९७४) त्यांचा शोक अग्रभागी येतो. दफनविधीतील आक्रोशाला लागूनच, पौर्वात्यांना जीविताचे मोल पाश्चात्त्यांइतके वाटत नाही, हे जनरल वेस्टमोरलंड यांचे विधान येते. या संकलनावर प्रचारकीपणाचा आक्षेप घेण्यात आला. परंतु निवेदकाच्या एका शब्दावाचून त्या विधानाचा फोलपणा ते उघड करते, हेच त्याचे सामर्थ्य होय. तरीही येथे व्हिएटनामी माणूस बहुधा बळी म्हणूनच दिसतो. केन बर्न्स व लिन नोव्हिक यांच्या ‘द व्हिएटनाम वॉर’ (२०१७) या दहा भागांच्या मालिकेत उत्तर व्हिएटनामी सैनिकही स्वतःची हानी स्वमुखाने सांगतात. शत्रूच्या दुःखाला असा आवाज लाभल्यावरच युद्धाची मानवी किंमत पूर्णतः प्रतीत होते.