मागच्या सीटवर कोणीच नाही : दूरचित्रवाणीवरील मोटार-परीक्षणांविषयी

नवी मोटार घरी नेण्यापूर्वी देवाच्या दारी आणावी, ही रीत आमच्या श्रीगोंद्याकडे सर्वच समाजांत आहे. आपली कुटुंबेही गाडी चर्चच्या आवारात आशीर्वादासाठी आणतात. प्रार्थना होते, पवित्र पाणी शिंपडले जाते, पेढे वाटले जातात. या सोहळ्यात आमचे लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे असते : गाडीतून माणसे कशी उतरतात याकडे. मुले उड्या मारून उतरतात, घरधनी चावी बोटाभोवती फिरवत उतरतो, आणि सर्वांच्या शेवटी घरातील वडीलधारी स्त्री उतरते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका गाडीच्या तिसऱ्या रांगेतून आजीबाईंना बाहेर काढण्यासाठी दोन नातवंडे आणि सभागृहातील एक प्लास्टिकचे स्टूल लागले. थोरला मुलगा ओशाळून म्हणाला, "फादर, टीव्हीवर तर लई ऐसपैस दिसत होती हो."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. त्या मुलाने गाडीचे जे परीक्षण पाहून निर्णय घेतला होता ते आम्ही त्याच्याकडून मागवून घेतले, दोनदा पाहिले आणि मग त्या नादाने पुढील काही आठवडे रात्रीच्या जेवणानंतर अशी बरीच परीक्षणे पाहिली. मोटारींविषयी आम्हांस काही कळते असे नाही. आमची भिस्त अजूनही जुन्या दुचाकीवर आहे. परंतु सेमिनरीच्या दिवसांत पुण्यात चित्रपट-रसग्रहणाचे थोडेफार संस्कार आमच्यावर झाले होते. पडद्यावर जे दिसते ते कोणीतरी निवडलेले असते आणि जे दिसत नाही तेही कोणीतरीच वगळलेले असते, एवढे तेव्हापासून पक्के ठाऊक आहे. त्याच दृष्टीने या कार्यक्रमांकडे पाहावे असे वाटले, कारण आज आपल्या घराघरांतून सात-सात वर्षांच्या हप्त्यांचे निर्णय त्यांच्यावर विसंबून घेतले जात आहेत.

या प्रकाराचे मूळ रूप अगदी साधे होते. ब्रिटनमध्ये 'टॉप गिअर' हा कार्यक्रम १९७७ साली सुरू झाला, अमेरिकेत 'मोटरवीक' १९८१ साली. त्या काळातील निवेदक शिक्षकासारखा बोलत असे. गाडीची डिकी उघडून दाखवायची, इंजिनाचे झाकण उचलायचे, रस्त्यावर एक फेरी मारायची आणि किंमत सांगून रजा घ्यायची. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असे आणि एकेक दृश्य निवांत चाले. कंटाळवाणे होते म्हणा. पण पाहणाऱ्याला हवी ती माहिती त्यातून मिळे.

२००२ साली 'टॉप गिअर' नव्या स्वरूपात आले आणि सर्वच पालटले. निर्माते अँडी विल्मन आणि निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी ग्राहक-मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाचे रूपांतर मनोरंजनात केले. आकाश काळवंडलेले, रंग गडद केलेले, कॅमेरा जमिनीला टेकलेला, मध्येच गती मंदावणारी, मध्येच दृश्ये विजेसारखी तुटणारी, आणि या सर्वांखाली चित्रपटात शोभावे असे संगीत. एखाद्या मोटारीवर इतक्या प्रेमाने प्रकाश टाकलेला त्यापूर्वी दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसला असेल. यातील कलागुण आम्ही नाकारत नाही. काही दृश्ये खरोखरच देखणी आहेत. पण ही शैली पुढे जगभर पसरली. आपल्याकडे एनडीटीव्हीवरील 'कार अँड बाइक शो' किंवा सीएनबीसी-टीव्ही१८ वरील 'ओव्हरड्राइव्ह' यांसारख्या कार्यक्रमांनी पाहणाऱ्यांची एक पिढी घडवली. आणि आता हातात कॅमेरा असलेला कोणीही तरुण त्याच भाषेत बोलतो. निवेदन मराठीत असो, हिंदीत असो, चित्रांचे व्याकरण तेच असते.

हे व्याकरण थोडे उलगडून पाहू. कॅमेरा जमिनीलगत ठेवून रुंद भिंगातून चित्रण केले की जवळचा रस्ता भराभर मागे पळतो आणि ताशी चाळीसने जाणारी गाडी ऐंशीची भासते. शेजारून दुसऱ्या वाहनातून चित्रण केले की गाडी चौकटीत स्थिर राहते व धरती वाहू लागते. गाडीला जणू वजनच नाही असे वाटते. दूरच्या भिंगातून समोरून टिपले की मागचे डोंगर पुढे सरकून येतात आणि गाडी त्यांच्याएवढीच भव्य होते. यातील एकही गोष्ट खोटी नाही. मात्र या सर्वांचा रोख एकाच दिशेने असतो, आणि ती दिशा सहसा तिसऱ्या रांगेकडे जात नाही.

संकलनाची गंमत आणखी निराळी आहे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारे वाहन पुढील दृश्यात उजवीकडून डावीकडे गेले तर ते परत फिरले असे प्रेक्षकाला वाटते. म्हणून प्रवास दाखवताना दिशा सांभाळावी, असे संकलनाचा नवा विद्यार्थीही शिकतो. मोटार-परीक्षणांत हा नियम सर्रास मोडला जातो, कारण तेथे प्रवास नसतोच. एकच वळण असते. त्यावरून गाडी दहा वेळा वर जाते, दहा वेळा खाली येते, आणि त्या वीस तुकड्यांचा एक मोठा घाट तयार होतो. आमचे म्हणणे खोटे वाटत असेल तर वाचकांनी पुढच्या वेळी वळणावरचे झाड किंवा संरक्षक कठड्याचा रंग लक्षात ठेवून पाहावे. आम्ही एका परीक्षणात एकच वाकलेला दिशादर्शक फलक पाच वेळा मोजला. आपल्याकडील मोटार-पत्रकारिता मुख्यतः मुंबई-पुण्यात एकवटलेली असल्याने लोणावळ्याच्या आसपासचे घाट पडद्यावर वारंवार भेटतात. पावसाने धुतलेले, हिरवे आणि निर्मनुष्य. उलट आमच्याकडे गाळपाचा हंगाम सुरू झाला की काष्टी-श्रीगोंदा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. त्यांतल्या कित्येकांना मागचा दिवा नसतो. या गाडीचे दिवे त्या ट्रॉलीवर किती अंतरावरून पडतात, हा श्रीगोंद्याच्या माणसाचा प्रश्न आहे. तो घाटात सुटत नाही.

दोन दृश्ये शेजारी ठेवली की तिसराच अर्थ निर्माण होतो, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास दाखवले. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपच्या बशीनंतर, एकदा शवपेटीनंतर जोडला, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले. परीक्षणांतही असेच घडते. निवेदक म्हणतो, "गाडीला ताकद आहे," आणि लगेच चाकाखाली उडणारा धुरळा येतो. तो म्हणतो, "आतून शांत आहे," आणि संगीत एकदम थांबते. धुरळा कोणत्या वेगाने उडाला, शांतता इंजिनाची की ध्वनिमुद्रकाच्या बटणाची, हे विचारण्याइतका अवधी आपल्याला मिळत नाही. आम्ही एका परीक्षणातील काही भाग घड्याळ लावून मोजला, तर कोणतेही दृश्य तीन सेकंदांहून अधिक टिकले नाही. तीन सेकंदांत गाडी आवडू शकते. ती पारखता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की मग दृश्य न तोडता, सलग चित्रण करावे म्हणजे सत्य हाती लागेल. ते तितके सोपे नाही. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लेलूश यांनी १९७६ साली पहाटेच्या पॅरिसमधून भरधाव गाडी हाकत सुमारे आठ मिनिटांचा एक लघुपट एकाच सलग दृश्यात चित्रित केला. 'राँदेव्हू' या नावाने तो प्रसिद्ध आहे. गाडीच्या पुढच्या भागी कॅमेरा बांधलेला, लाल सिग्नल धुडकावत गाडी जाते आणि शेवटी माँमार्त्र टेकडीवरील येशूच्या पवित्र हृदयाच्या महामंदिरापाशी थांबते. एकही काट नाही. परंतु ऐकू येतो तो आवाज फेरारीचा, आणि प्रत्यक्षात धावत होती ती मर्सिडीज! आवाज मागाहून जोडला गेला. म्हणजे डोळ्यांना सलगपणाची खात्री देऊन कानांना मात्र फसवले. (रस्त्यावरील माणसांच्या जिवाशी झालेला खेळ हा पुन्हा वेगळाच विषय, त्या लघुपटाचे कौतुक करणाऱ्यांनी त्याचाही विचार केलेला बरा.)

संकलनाने सत्याचे काय होते, हा प्रश्न एकदा कोर्टापर्यंतही गेला. डिसेंबर २००८ मध्ये 'टॉप गिअर'ने टेस्ला कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या गाडीचे परीक्षण दाखवले. शर्यतीच्या मार्गावर ही गाडी ५५ मैलांत, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरमध्ये थंडावेल असे निवेदनात सांगितले गेले, आणि त्यासोबत माणसे गाडी ढकलत शेडमध्ये नेत असल्याचे दृश्य होते. कंपनीचे म्हणणे असे की बॅटरी संपलेलीच नव्हती, वीस टक्क्यांच्या खाली ती गेलीच नव्हती. २०११ मध्ये तिने दावा लावला. २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही तो फेटाळला. शर्यतीच्या मार्गावर दामटलेली गाडी आणि नेहमीच्या रस्त्यावरची गाडी यांतला फरक प्रेक्षकाला कळतो, असा न्यायालयाचा एकूण रोख होता. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. आम्हांस मात्र त्या ढकलण्याच्या दृश्याचे काय, हे कोडे उरलेच. निवेदनाने 'थंडावेल' म्हटले आणि चित्राने 'थंडावली' म्हटले. माणसाच्या स्मरणात चित्र राहते. क्रियापदाचा काळ कोणाच्या लक्षात राहतो?

याच मंडळींनी २८ डिसेंबर २०११ रोजी भारतावरील विशेष भाग प्रक्षेपित केला. त्यात त्यांनी मुंबईच्या डबेवाल्यांशी शर्यत लावली : तिकडे लोकल गाडी, इकडे तीन जुन्या ब्रिटिश बनावटीच्या मोटारी. या भागातील विनोदांबद्दल भारतीय उच्चायुक्तालयाने नाराजी व्यक्त केली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही त्यात शिरत नाही. रूपाच्या दृष्टीने आम्हांस वेगळेच खटकले. डबा घरून निघून कचेरीत पोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. सायकल, हातगाडी, लोकलचा डबा, डोक्यावरची लाकडी फळी, आणि झाकणावरील रंगांच्या खुणा. हे सारे काम संथ, अचूक आणि पुनरावृत्तीचे आहे. त्याचे सौंदर्य पाहायला एका डब्याचा माग सकाळपासून दुपारपर्यंत धरावा लागतो. शर्यतीच्या संकलनात तेवढा वेळ बसत नाही. त्यामुळे सव्वाशे वर्षांचे काम त्या तिघांच्या फजितीची पार्श्वभूमी होऊन जाते.

आता आमच्याच तालुक्यातील एक परीक्षण सांगतो, ज्यात कॅमेरा नाही. काष्टीचा जनावरांचा बाजार वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथे बैल घेणारा शेतकरी आधी लांब उभा राहून नुसता पाहतो. मग दात पाहतो : दोनदाती, चारदाती की जुळलेला. खूर पाहतो, खांदा दाबतो, चालवून पाहतो, शक्य तर भरल्या गाडीला जुंपून पाहतो. विकणारा बैलाची शिंगे रंगवतो, झूल घालतो, गोंडे बांधतो. म्हणजे 'चित्रीकरण' तेथेही आहेच! पण घेणारा झूल बाजूला सारतो, आणि तसे करण्यात विकणाऱ्याचा अपमान आहे असे कोणीच मानीत नाही. रुमालाखाली बोटांनी सौदा ठरायचा तो त्यानंतर. आमच्या मते परीक्षकाचे काम झूल बाजूला सारण्याचे आहे. आजची बहुतेक परीक्षणे झूलच अधिक रंगवून देतात, आणि गाडी परीक्षणासाठी कंपनीकडूनच मिळते हे ध्यानात घेतले तर त्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. अपवाद आहेत. काही परीक्षक मोजपट्टी काढून गुडघ्यापुढची जागा मोजतात, स्वतः मागे बसून दाखवतात. त्यांची दृश्ये दिसायला साधी असतात, पण आम्ही ती आवर्जून पाहतो.

या शोधात आम्हांस एक असा चित्रप्रकार सापडला ज्याला संगीताची गरज नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या टक्कर-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवली गेली आणि प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. पुढे सरकारने चालकासाठी हवेची पिशवी सक्तीची केली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' ही गुणांकन-व्यवस्था जाहीर झाली. या चाचण्यांच्या फिती वाचकांनी अवश्य पाहाव्यात. कॅमेरा स्थिर असतो. सेकंदाचे शेकडो तुकडे करणारे ते चित्रण असल्याने निमिषात घडलेले सर्व संथपणे उलगडते : पत्रा दुमडतो, काच पिठासारखी उडते, स्टीअरिंग छातीकडे येते. आणि आत माणसे बसलेली असतात. माणसे म्हणजे पुतळे. पुढे दोन मोठे, आणि मागच्या सीटवर मुलांच्या आकाराचे दोन छोटे. इतकी परीक्षणे पाहिल्यावर संपूर्ण कुटुंब गाडीत बसलेले आम्हांस पहिल्यांदा दिसले ते येथे.

रस्त्यावरील अपघातानंतरच्या अंत्यविधींना आम्हांस जावे लागते. त्याविषयी अधिक लिहीत नाही. एवढेच की ती फीत आम्हांस सलग दुसऱ्यांदा पाहवली नाही.

त्या आजीबाई आता पुढे, चालकाशेजारी बसतात आणि सूनबाई तिसऱ्या रांगेत जातात, अशी घरातील व्यवस्था झाली आहे. मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो असता नातवाला आम्ही सुचवले, बाबा रे, तूही एक परीक्षण कर. त्याने भ्रमणध्वनी अंगणातल्या बाजेवर टेकवून ठेवला आणि आजीला मागे चढायला लावले. चाळीस सेकंद, एकही काट नाही. आजी आधी पदर खोचते, दाराचा आधार शोधते, पाय उचलते, पुन्हा खाली ठेवते. मागे कोंबडी ओरडते आहे. तिसऱ्या प्रयत्नाला ती आत जाते आणि तेथून आवाज येतो, "झालं का रं तुझं? आता उतरव मला."