झिदान : डोके आणि पाय

झिनेदिन झिदान २००६ साली खेळाडू म्हणून निवृत्त झाला. फ्रान्ससाठी १०८ सामने, ३१ गोल, १९९८ चा युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान, एवढी नोंद कोणत्याही कोशात सापडते. त्याची अफाट लोकप्रियता मात्र या आकड्यांवर उभी नाही. थोडे धाडसाने म्हणायचे तर ती तीन वेळच्या डोक्याच्या आघातावर उभी आहे. १२ जुलै १९९८ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ब्राझीलविरुद्ध डोक्याने दोन गोल केले. त्या रात्री पॅरिसच्या विजयकमानीवर त्याचा चेहरा प्रकाशात झळकला. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात त्याने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोके आदळले आणि लाल कार्ड घेऊन तो मैदानाबाहेर गेला.

गंमत अशी, की या माणसाची कला पायांत होती. मधल्या फळीच्या खेळाडूचे काम गोल करणे हे नव्हेच. गर्दीत चेंडू पायाशी घेणे, तळव्याने ओढून स्वतःभोवती गिरकी घेणे, क्षणभर थांबणे आणि त्या थांबण्यातून दुसऱ्याला वाट काढून देणे, हे त्याचे काम. झिदानचे थांबणे पाहण्यासारखे होते. परंतु थांबण्याचे पोस्टर कोण छापणार?

ही उणीव दग्लस गॉर्डन आणि फिलिप परेनो या कलावंतांच्या २००६ च्या चित्रपटाने भरून काढली. २३ एप्रिल २००५ रोजी माद्रिद येथे रिआल माद्रिद आणि व्हिल्यारेआल यांच्यात झालेला सामना त्यांनी सतरा कॅमेऱ्यांनी टिपला, पण जवळजवळ सर्व वेळ नजर ठेवली ती केवळ झिदानवर. चेंडू दूर असताना तो चालतो, बुटाचे टोक गवतावर घासतो, घाम पुसतो. दूरचित्रवाणीला नकोसा असलेला हा रिकामा वेळ येथे चित्रपटाचा गाभा होतो. मध्यंतरात त्या दिवशीच्या जगातील घटनांची दृश्ये जोडली आहेत, ती मला ठिगळासारखी वाटली. एरवी इतका एकाकी लोकप्रिय माणूस पडद्यावर क्वचितच पाहायला मिळतो.

त्या एकाकीपणावर फ्रान्सने फार मोठे ओझे लादले. अल्जीरियातून आलेल्या कष्टकरी कुटुंबातला, मार्सेच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा म्हणजे देशातील ऐक्याचा पुरावा, असे १९९८ नंतर सांगितले गेले. ऑक्टोबर २००१ मध्ये फ्रान्स-अल्जीरिया सामन्यात फ्रान्सच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मिळाल्या, प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. दोन हेडरवर राष्ट्राचा प्रश्न सुटत नसतो. त्याचा जाब खेळाडूला विचारणेही अन्यायाचेच.

शिल्पकार आदेल अब्देसेमेद याने २०१२ साली त्या तिसऱ्या आघाताचे पाच मीटरहून उंच ब्राँझशिल्प घडवले. कतारने ते २०१३ मध्ये दोहाच्या समुद्रकिनारी उभे केले आणि लोकांच्या आक्षेपांमुळे काही आठवड्यांतच हटवले. त्याच्या गिरकीचे तेवढे मोठे शिल्प माझ्या तरी पाहण्यात नाही.

माद्रिदच्या त्या सामन्यातही अखेरच्या मिनिटांत झिदान झटापटीत धावून जातो आणि त्याला लाल कार्ड मिळते. चित्रपट मे २००६ मध्ये कान येथे दाखवला गेला, बर्लिनच्या सामन्याआधी सुमारे दीड महिना.